रेणूच्या हिशेबात प्रकाशाचा वाटा



विज्ञानाच्या इतिहासातील एखादे प्रकरण सांगावे अशी आज्ञा व्याख्यानमालेच्या चालकांनी केली, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. शाळेशी आमचा संबंध लौकर तुटला. पुढचे आयुष्य कारखान्यांच्या फाटकांवरील सभांत आणि कामगार न्यायालयाच्या तारखांत गेले. जे थोडेफार वाचले ते रात्री, उसन्या पुस्तकांतून. परंतु आज जे प्रकरण सांगावयाचे आहे ते वाचताना आम्हांला वारंवार असे वाटत आले की, हा इतिहास मुळात एका हिशेबाचा आहे. कामात कोणाचा किती वाटा, कोणाचे नाव मस्टरवर आहे आणि कोणाला बाहेरचा म्हणून वगळले आहे, हा त्यातला प्रश्न आहे. आणि असले प्रश्न पाहणे हा तर आमचा रोजचाच धंदा. तेव्हा धीर करून उभे राहिलो आहोत.

प्रश्न असा आहे. रेणू म्हणजे काय? अणुगर्भ आणि त्यांच्याभोवतीचे इलेक्ट्रॉन, असे उत्तर शाळेतला मुलगाही देईल. मग प्रकाश? तो बाहेरून येतो, रेणूवर आदळतो, कधी शोषला जातो, कधी परत फेकला जातो. म्हणजे प्रकाश हा रेणूच्या घरचा नव्हे, पाहुणा. सुमारे ऐंशी वर्षे रसायनशास्त्राचे जवळजवळ सारे गणित याच समजुतीवर चालले, आणि उत्तम चालले. पण प्रकाशाला रेणूजवळ कोंडून ठेवले आणि त्याला निघून जाऊ दिले नाही, तर तो पाहुणा राहतो काय? की त्याचेही नाव कुटुंबात घालावे लागते? या प्रश्नाने अलीकडे रसायनाचे हिशेबनीस हैराण झाले आहेत.

या कथेचा आरंभ आम्ही 1927 या सालापासून करतो. पुंजयामिकी, म्हणजे जिला सर्वजण क्वांटम मेकॅनिक्स म्हणतात ती, तेव्हा नुकती जन्मली होती; श्रोडिंगरचे समीकरण आदल्याच वर्षीचे. त्या एका वर्षात तीन कामे प्रसिद्ध झाली. झुरिकमध्ये वॉल्टर हाइट्लर आणि फ्रिट्झ लंडन यांनी हायड्रोजनचे दोन अणू एकमेकांना का धरून राहतात हे गणिताने दाखविले. रासायनिक बंधाचा तो पहिला खरा हिशेब होय. माक्स बोर्न आणि रॉबर्ट ओपेनहायमर यांनी एक मोठी सोय काढली. अगदी हलका अणुगर्भ म्हणजे एकटा प्रोटॉन, तोसुद्धा इलेक्ट्रॉनच्या सुमारे 1836 पट जड. मग जड मंडळींना क्षणभर स्थिर धरावे, चपळ इलेक्ट्रॉनांचा हिशेब आधी करावा, आणि त्यातून जी ऊर्जेची डोंगर-दऱ्यांसारखी भूमी मिळते तिच्यावरून मग अणुगर्भांना हळूहळू चालू द्यावे, अशी ही सोय. रासायनिक क्रिया म्हणजे एका दरीतून खिंड ओलांडून दुसऱ्या दरीत जाणे, हे चित्र तिच्यातूनच आले. आणि तिसरे काम पॉल डिरॅकचे. त्याने प्रकाशालाच पुंजयामिकीचे नियम लावले. अणू प्रकाशकण कसा सोडतो आणि कसा गिळतो, हे प्रथमच नीट सांगितले.

एका वर्षात तिन्ही धागे हाती आले होते. पण ते विणले मात्र गेले नाहीत. पहिली दोन कामे रसायनाच्या खात्यात जमा झाली, तिसरे पदार्थविज्ञानाच्या. याला वॉल्टर हाइट्लरच्या आयुष्याहून चांगली साक्ष नाही. ज्याने बंधाचा हिशेब मांडला त्यानेच पुढे 1936 साली प्रकाशाच्या पुंजसिद्धांतावर एक ग्रंथ लिहिला व तो पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासला गेला. याच हाइट्लरबरोबर आपल्या मुंबईच्या होमी भाभांनी 1937 साली विश्वकिरणांच्या वर्षावाचे गणित केले. एकाच माणसाच्या हातून दोन्ही वह्या लिहिल्या गेल्या, आणि तरीही त्या दोन वह्याच राहिल्या!

याचा दोष कोणाला द्यावा असे आम्हांला वाटत नाही. मोकळ्या जागेत प्रकाशाचा एकट्या रेणूवरील पकडीचा जोर इतका क्षीण असतो की तो वगळला तरी सामान्यतः हिशेब फारसा चुकत नाही. शिवाय नुसत्या इलेक्ट्रॉनांचेच ओझे अवजड होते. बेंझीनचा साधा रेणू घ्या. त्यात 42 इलेक्ट्रॉन; प्रत्येकाची जागा सांगायला तीन आकडे; म्हणजे 126 आकड्यांवर अवलंबून असलेले एक फलन. प्रत्येक आकड्यासाठी फक्त दहा ठिकाणे मोजू म्हटले, तरी एकावर 126 शून्ये इतक्या नोंदी होतात. जगातील सगळा कागद पुरणार नाही. म्हणून पुढची चाळीस वर्षे रसायनाचे गणिती वाट काढण्यात गुंतले. हार्ट्री आणि फॉक यांनी प्रत्येक इलेक्ट्रॉनला इतरांच्या सरासरी प्रभावात ठेवले. 1964 आणि 1965 साली वॉल्टर कोन आणि त्याचे सहकारी होहेनबर्ग व शॅम यांनी दाखविले की, 126 आकड्यांचे फलन नको. अवकाशात कोठे किती इलेक्ट्रॉन दाटले आहेत एवढी घनता कळली तरी तत्त्वतः पुरे. ती तर केवळ तीन आकड्यांवर अवलंबून. 1966 साली चीझेकने अणुगर्भाच्या अभ्यासातून आलेली ‘कपल्ड क्लस्टर’ ही पद्धत रेणूंसाठी मांडली. इलेक्ट्रॉन दोघा-दोघांनी, तिघा-तिघांनी एकमेकांना कसे चुकवतात याचा ती बारकाईने हिशेब ठेवते. 1998 साली कोन आणि जॉन पोपल यांना रसायनाचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा ही हिशेबाची विद्या वयात आली असे म्हणावयास हरकत नाही. परंतु या साऱ्या वह्यांत प्रकाशकणाचा रकाना नव्हता.

आता दुसऱ्या वहीकडे वळू. 1946 साली एडवर्ड पर्सेलने काही ओळींचेच एक टिपण प्रसिद्ध केले. अणू आपणहून प्रकाश सोडतो, तो किती वेगाने सोडेल हे केवळ अणूच्या स्वभावावर नाही, तर भोवतालच्या जागेवरही अवलंबून आहे, असे त्याचे म्हणणे. दोन आरशांमध्ये अणू ठेवला तर वेग बदलेल. हे चमत्कारिक वाटते, पण सतारीचे उदाहरण घेतले म्हणजे उलगडते. दोन खुंट्यांमध्ये ताणलेली तार वाटेल त्या सुरात वाजत नाही. तिच्या लांबीला जुळणारे सूरच ती देते. त्याचप्रमाणे समोरासमोरच्या दोन आरशांमध्ये ठरावीक लांबीच्याच प्रकाशलहरी बसतात. आणि पुंजयामिकी सांगते की, दिवा विझविला, पूर्ण अंधार केला, तरी त्या लहरींच्या जागी एक किमान थरथर शिल्लक राहते. निर्वात म्हणजे अगदी रिते नव्हे. ती थरथर रेणूला जाणवते.

आता आरशांमधील अंतर असे ठेवावे की तेथे बसणारी लहर आणि रेणूची स्वतःची कंपने यांचा सूर जुळेल. दोन सारखे झोपाळे एका हलक्या दोरीने जोडले तर एकाचा झोका दुसऱ्यात जातो आणि परत येतो, हे लहानपणी कोणी पाहिले नाही? तसेच येथे होते. प्रकाशकण रेणूत जातो, रेणू उत्तेजित होतो, तो पुन्हा प्रकाश सोडतो, आरसा तो परत फिरवतो. ही देवाणघेवाण गळतीपेक्षा वेगवान झाली, म्हणजे प्रकाश आणि रेणू यांची घट्ट सांगड बसली असे म्हणतात. मग मूळच्या एका सुराचे दोन होतात, एक खालचा आणि एक वरचा. त्या दोन अवस्थांत अर्धा प्रकाश आणि अर्धा पदार्थ असतो. त्यांना पोलॅरिटॉन हे नाव आहे.

1963 साली जेन्स आणि कमिंग्ज यांनी एक अणू आणि एक लहर यांचे हे गणित मांडले. त्याआधी 1954 साली रॉबर्ट डिकीने दाखविले होते की, अनेक अणू जवळजवळ असतील तर ते सुटे सुटे वागत नाहीत. एका तालात आले तर प्रकाश सोडण्याचा त्यांचा जोर संख्येच्या वर्गाप्रमाणे वाढू शकतो. हे दोन विचार एकत्र आणून 1968 साली टॅव्हिस आणि कमिंग्ज यांनी अनेक अणू व एक लहर यांचा हिशेब केला. त्याचे फलित नीट ध्यानात ठेवावे, कारण पुढचा सगळा वाद त्यावर आहे. चार रेणू असतील तर सांगड दुप्पट घट्ट होते, शंभर असतील तर दसपट, दहा लाख असतील तर हजारपट. संख्येच्या वर्गमुळाने बळ वाढते. प्रारंभीच्या काळात हे सारे अणूंवर पडताळले गेले. पॅरिसच्या सर्ज आरोश यांचे प्रयोग त्यांत अग्रेसर होते आणि त्यांना 2012 साली नोबेल मिळाले. पोकळीतील अणूंच्या शोषणात एका रेषेच्या दोन रेषा कशा दिसतील याचे गणित 1984 साली हैदराबाद विद्यापीठातून गिरीश अगरवाल यांनी प्रसिद्ध केले होते, हेही येथे अभिमानाने नमूद करतो.

रेणूंची पाळी 1998 साली आली. इंग्लंडातील शेफील्ड येथे डेव्हिड लिड्झी आणि सहकाऱ्यांनी एका सेंद्रिय रंगद्रव्याचा पातळ थर दोन आरशांमध्ये ठेवला. दोन सुरांतील अंतर 160 मिली-इलेक्ट्रॉन व्होल्ट इतके निघाले. साध्या खोलीच्या उष्णतेची धडपड सुमारे 25 मिली-इलेक्ट्रॉन व्होल्टची असते. म्हणजे अतिशीत उपकरणांची गरज न लागता ही सांगड टिकते. त्यानंतर 2012 साली फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे तोमास एबेसन यांच्या प्रयोगशाळेने अशा पोकळीत एका प्रकाश-रासायनिक क्रियेचा वेग बदलल्याचे दाखविले. 2016 साली त्याच प्रयोगशाळेतून याहून नवलाची बातमी आली. आरशांमधील अंतर सिलिकॉन-कार्बन बंधाच्या कंपनाशी जुळविले, दिवा मुळीच लावला नाही, आणि तो बंध तुटण्याची क्रिया काही पटींनी मंदावली. अनूप थॉमस आणि जिनो जॉर्ज ही भारतीय नावे त्या निबंधावर आहेत. काळोखात, केवळ आरशांच्या सान्निध्याने, रसायन बदलते! येथे दोन्ही वह्या एकमेकींवर आदळल्या.

आदळल्या म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे. प्रकाशवाल्यांनी आपल्या वहीत प्रकाश पूर्ण लिहिला होता, पण रेणू मात्र दोन पायऱ्यांची शिडी करून टाकला होता. रसायनवाल्यांनी रेणू पूर्ण लिहिला होता, पण प्रकाश बाहेरची एक लाट म्हणून सोडून दिला होता. प्रत्येकाने दुसऱ्याचा माल किरकोळ समजला होता. क्रियेचा वेग सांगायचा तर दोन्ही बाजू पूर्ण हव्यात.

तेव्हा नवी वही उघडण्यात आली. 2014 साली रुगेनथालर, फ्लिक, टोकात्ली, रुबियो आदींनी कोनची घनतेची युक्ती वाढविली: इलेक्ट्रॉनांच्या घनतेबरोबर प्रकाशक्षेत्राचीही नोंद ठेवली, तर दोघांचा एकत्र हिशेब तत्त्वतः पुरा होतो. 2020 साली नॉर्वेतील ट्रॉनहाइम येथील हेन्रिक कोख यांच्या गटाने रुबियो यांच्या सहकार्याने कपल्ड क्लस्टर पद्धतीत प्रकाशकणाचा रकाना घातला. इलेक्ट्रॉन आणि प्रकाशकण एकमेकांना कसे सांभाळून घेतात हे त्यात प्रत्यक्ष लिहिले जाते. बोर्न-ओपेनहायमरची जुनी सोयही नव्याने वाटून घ्यावी लागली. दृश्य प्रकाश असेल तर त्याची चाल इलेक्ट्रॉनांसारखी चपळ. त्याला इलेक्ट्रॉनांच्या पंगतीत बसवावे. अवरक्त प्रकाश असेल तर त्याची चाल अणुगर्भांच्या कंपनाइतकी संथ. त्याला अणुगर्भांच्या पंगतीत बसवावे. पाहुणा घरचा झाला खरा, पण त्याची पंगत कोणती हे त्याच्या सुरावरून ठरते.

याच काळातील एक प्रसंग आम्हांला फार बोधक वाटतो. रेणू आणि प्रकाश यांच्या समीकरणात एक पद असे येते की ते रेणूतील धन व ऋण भारांच्या विलगतेच्या वर्गावर अवलंबून असते. साध्या हिशेबात ते लहान म्हणून पुष्कळदा गाळीत. 2018 साली हॅम्बुर्गच्या रोकाय, रुगेनथालर, रुबियो आदींनी दाखविले की, पूर्ण रेणूच्या हिशेबात ते पद गाळले तर ऊर्जेला तळच उरत नाही. भार एकमेकांपासून दूर जात राहतात आणि ऊर्जा खाली खाली घसरत जाते. असा रेणू अस्तित्वातच राहू शकत नाही. किरकोळ म्हणून गाळलेल्या एका नोंदीने सबंध पेढी बुडावी, तसाच हा प्रकार.

आता मुख्य अडचणीकडे येतो. दोन आरशांच्या पोकळीत एका लहरीमागे लाखो-कोट्यवधी रेणू असतात. सर्वांची मिळून प्रकाशाशी सांगड घट्ट असते हे खरे. दोन सुरांतील अंतर प्रत्यक्ष मोजता येते. परंतु बंध तुटतो तो एका वेळी एका रेणूचा. पोलॅरिटॉनमध्ये अर्धा प्रकाश. उरलेला अर्धा त्या सर्व रेणूंत वाटलेला. प्रत्येकाच्या पदरी कोट्यंशही येत नाही. शिवाय टॅव्हिस-कमिंग्जचे गणित सांगते की, एका प्रकाशकणाच्या हिशेबात जितके रेणू तितक्या आणि एक इतक्या अवस्था असतात. त्यांतील फक्त दोन प्रकाशाच्या वाटेकरी, बाकी सगळ्या काळोख्या. मग एकट्या रेणूच्या खिंडीची उंची बदलावी कशी? 2019 आणि 2020 साली अनेक गटांनी क्रियावेगाचा प्रस्थापित सिद्धांत लावून पाहिला आणि उत्तर काढले की, रेणूंची संख्या मोठी असता एकट्यावरील परिणाम नगण्य असावा; आणि तो सूर जुळण्यावरही अवलंबून नसावा. प्रयोग तर सांगत होते की, सूर जुळला तरच परिणाम दिसतो.

हिशेबनिसांनी यावर काय केले? काहींनी एकच रेणू घेतला आणि सांगड मुद्दाम मोठी धरून पूर्ण गणित केले. 2022 साली शेफर, रुबियो आदींनी त्या सिलिकॉन-कार्बन क्रियेचेच असे गणित प्रसिद्ध केले, आणि सूर जुळता क्रिया मंदावते असे त्यांना दिसले. पण समूहाचे बळ एकट्याच्या खात्यावर लिहिले होते, हे विसरून चालणार नाही. याउलट फिनलंडमधील युवास्कुला येथे ग्रोएनहोफ यांच्या गटाने 2017 साली 1600 पर्यंत रंगद्रव्याचे रेणू एकत्र घेऊन त्यांची हालचाल संगणकावर चालविली. तेथे समूह खरा होता, पण प्रत्येक रेणूचे वर्णन अधिक ढोबळ. केंब्रिजमध्ये रोहित चिक्करड्डी, जेरेमी बॉमबर्ग आदींनी 2016 साली प्रयोगाचीच वाट धरली: सोन्याचा कण आणि सोन्याचा पत्रा यांच्यामधील एका नॅनोमीटरच्या फटीत रंगद्रव्याचा रेणू अडकवून एकट्या रेणूचीच सांगड बसविली. तेथे वाटणीचा प्रश्नच उरत नाही. पण आरशांमधल्या कोट्यवधींचा प्रश्न तसाच राहतो.

मधल्या काळात प्रयोगांवरही संशय आला. 2021 साली अमेरिकेतील दोन प्रयोगशाळांनी पूर्वी नोंदलेले वेगबदल पुन्हा करून पाहिले. एकीलाही ते आढळले नाहीत, आणि दोघींनी तसे स्पष्टपणे छापले. पुढे 2023 साली वॉशिंग्टनच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेतून सिम्पकिन्स आदींनी युरेथेन बनण्याच्या क्रियेवर सूर जुळता परिणाम दिसतो असे काळजीपूर्वक मोजून सांगितले. म्हणजे वाद एकतर्फी मिटलेला नाही. परिणाम आहे असे म्हणणाऱ्यांनी तो कसा पोहोचतो हे सांगितले पाहिजे. नाही म्हणणाऱ्यांनी जे मोजले गेले त्याचा उलगडा केला पाहिजे.

श्रोतेहो, एकीच्या बळावर भाषणे करण्यात आमचा जन्म गेला. तेव्हा या गणितातून “पाहा, रेणूसुद्धा संघटित होतात” असा निष्कर्ष काढण्याचा मोह आम्हांला झाला नसेल असे समजू नका. पण तो अप्रामाणिकपणा होईल. रेणूला भूक नाही, मागणी नाही आणि मतही नाही. शिवाय हे गणित आमच्या भाषणांइतके उदारही नाही. ते म्हणते की बळ संख्येच्या वर्गमुळानेच वाढते, आणि समूहाला मिळालेले बळ प्रत्येकाच्या पदरात पडतेच असे नाही. सभेला दहा हजार माणसे जमली, जयजयकार झाला, करार झाला. आणि तरीही एखाद्या खात्यातील एखाद्या माणसाच्या पगाराच्या पाकिटात फरक पडला की नाही, हे पाकीट उघडूनच पाहावे लागते. हे आम्ही रेणूंपासून शिकलो नाही, अनुभवाने शिकलो. रेणूंच्या अभ्यासकांपुढे तोच प्रश्न उभा आहे, एवढेच म्हणतो.

मात्र त्यांच्या वागणुकीतून आम्हांला दोन गोष्टी घेण्यासारख्या वाटतात. पहिली ही की, ज्याला आपण बाहेरचा समजून मस्टरवर घेत नाही, तो नेहमीच किरकोळ असतो असे नाही. परिस्थिती बदलली, त्याला जवळ कोंडले, की त्याच्यावाचून हिशेब जुळत नाही. 1927 साली तिन्ही धागे हाती असूनही ते विणायला सुमारे ऐंशी वर्षे गेली. दुसरी गोष्ट त्या दोन प्रयोगशाळांची. आपल्याला परिणाम सापडला नाही, हे लिहायला कौतुक मिळत नाही. तरी त्यांनी ते लिहिले, आणि त्यामुळेच पुढच्यांनी अधिक काटेकोर मापे घेतली. आमच्या चळवळीत फसलेल्या संपाचा हिशेब इतक्या उघडपणे आम्ही किती वेळा लिहिला, हे आम्ही आमच्या मनाला विचारले. उत्तर फारसे भूषणावह आले नाही.

या प्रकरणाचा शेवट अजून लिहिला गेलेला नाही. आपल्यापैकी जी मुले-मुली विज्ञान शिकत असतील त्यांना तो लिहिण्यात भाग घेता येईल. दोन्ही वह्या वाचावयाची तयारी मात्र हवी.